खुंटीवरचा पट्टा

तीन वाजायला बारा मिनिटं कमी होती. बाहेरच्या दाराजवळच्या फळ्यासमोर मी उभा होतो. हातात माझा सतरा नंबरचा पितळी बिल्ला होता आणि कुणी बघत नाही ना, म्हणून मी चोरासारखा इकडंतिकडं बघत होतो. दाराच्या पलीकडं वादळ होतं. दार जाड, दोन पदरी, तरी त्याचा आवाज जमिनीतून पायाच्या तळव्यांपर्यंत येत होता.

फळा अगदी साधा. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर', आणि दोन्हीकडे खिळ्यांच्या रांगा. अंटार्क्टिकावरच्या आमच्या संशोधन ठाण्यात त्या हिवाळ्यात आम्ही पंचवीस माणसं होतो आणि प्रत्येकाचा एक नंबर होता. बाहेर पडताना बिल्ला डावीकडून उजवीकडे टांगायचा, परत आलं की उजवीकडून डावीकडे. "एखादवेळ जेवायला विसरलात तरी चालेल, बिल्ला विसरायचा नाही," असं आमचे प्रमुख कुरियन सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. सर केरळचे, बोलायचे हिंदीत. मी इथं त्यांचं बोलणं मराठीत सांगतोय. वादळ असलं की आणखी दोन नियम. एकट्यानं जायचं नाही, दोन बिल्ले बरोबरच उजवीकडे गेले पाहिजेत. आणि फळ्याखालच्या खुंटीवरचा आपापल्या नंबरचा पट्टा कमरेला बांधल्याशिवाय दार उघडायचं नाही. पट्ट्याला लोखंडी हूक असायचा. तो बाहेरच्या दोराला अडकवायचा आणि दोराच्या आधारानं चालायचं.

मी बिल्ला उजवीकडे टांगला. मग दार न उघडता मागं वळलो आणि धान्याच्या कोठीत जाऊन बटाट्याच्या पोत्यांमागं बसलो.

सव्वीस वर्षांचा होतो मी तेव्हा. मूळचा मिरजेचा, उल्हास करंदीकर, हवामान निरीक्षक. दर तीन तासांनी बाहेरच्या उपकरणांवरचं तापमान, वारा, दाब हे बघायचं, रजिस्टरात लिहायचं आणि रेडिओवरून पाठवून द्यायचं, एवढंच काम. दिवसाची निरीक्षणं माझी, रात्रीची बिश्त नावाच्या माझ्या सहकाऱ्याची. तापमापक दारापासून दीडशे पावलांवर, चार पायांवर उभ्या केलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत होते. दारापासून त्या पेटीपर्यंत लोखंडी खांबांवरून दोर बांधलेला होता. आपोआप नोंद करणारी यंत्रंही होती, पण वादळ आलं की नेमकी त्यांची वाचा बसायची. शेवटी माणसालाच जावं लागायचं.

आणि आमचं ते रजिस्टर! माझ्या आधीचे निरीक्षक सबनीस बोटीवर चढताना मला म्हणाले होते, "करंदीकर, अकरा वर्षांत एक रकाना कोरा नाही. माझं नाक कापू नका." नियमाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं की जिवाला धोका असेल तर रकाना कोरा सोडावा आणि कारण लिहावं. पण पुस्तकात लिहिलेलं असलं म्हणून काय झालं? अकरा वर्षांत कुणी तसं केलं नव्हतं. पहिला कोरा रकाना माझ्या हस्ताक्षराशेजारी यावा, हे मला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या निरीक्षणाला मी नानांबरोबर गेलो होतो. नाना म्हणजे ज्ञानदेव खिलारे, आमच्या जनरेटरांचे मेकॅनिक. माण तालुक्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले, पंचेचाळिशीचे. ठाण्यातले दिवे, पाणी, ऊब हे सगळं त्यांच्या तीन मशिनींवर चालायचं. त्या मशिनींना ते गावाकडच्या म्हशींसारखं बोलायचे, थोपटायचे, शिव्या द्यायचे. वादळात माझ्याबरोबर दुसरा माणूस म्हणून यायची जबाबदारी त्या आठवड्यात त्यांची होती.

ऑगस्ट महिना होता. सूर्य नुकताच परतला होता, पण वादळात सूर्य असून काय उपयोग? हात पुढं केला तर हात दिसत नव्हता, सगळं नुसतं पांढरं. परतताना निम्म्या वाटेवर एक झोत असा आला की माझे पाय जमिनीवरून सुटले. मी आडवा झालो, दोराला पट्ट्यानं लटकलो. दोर ताणून खाली वाकला होता, तोंडात बर्फ गेला होता आणि श्वास घेता येत नव्हता. किती वेळ लटकलो कोण जाणे. मग नानांचा हात आला. त्यांनी मला पट्ट्याला धरून उभं केलं आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "आवं सायेब, पतंग झालासा की!"

आत आल्यावर मीही हसलो. चारचौघांत तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. मग खोलीत जाऊन पलंगावर बसलो, तर गुडघे थांबेनात. दोन्ही हातांनी दाबून धरले तरी थांबेनात. मला भीती वाटत होती. इतकी भीती मला त्याआधी कधीच वाटली नव्हती आणि ती आहे हे कबूल करायचीही लाज वाटत होती. आईला पत्रात 'इथं मजेत आहे' असं लिहिणारा, सबनीसांना 'काळजी करू नका' म्हणणारा मी.

"दोन नंबरचं मशीन रुसलंय," नाना जाताना म्हणाले होते. "मी तितंच हाय. पावणेतीनला हाक मारा, येतो."

पावणेतीन वाजले. मी हाक मारली नाही.

हाक मारली तर जावं लागणार होतं. 'मी येत नाही' म्हटलं तर का ते सांगावं लागणार होतं. बिल्ला टांगला की काम झालं. कुणी फळ्यासमोरून गेलं तर म्हणेल, करंदीकर बाहेर आहे. नाना विचारतील तर सांगता येईल की तुम्ही मशिनीत अडकला होतात, म्हणून पटकन एकटाच जाऊन आलो. एकट्यानं गेल्याबद्दल सर रागावतील, पण त्यातही थोडं कौतुक असेलच. हे सगळं मी पोत्यांमागं बसून ठरवत होतो. कोठीत कांद्याबटाट्यांचा आणि गोणपाटाचा वास होता. घड्याळात वीस मिनिटं मोजली आणि उठलो.

फळ्याकडं येऊन बिल्ला परत डावीकडे टांगला. तेव्हा मान वर करून फळा नीट पाहिला असता, तर पुढचं काही झालंच नसतं. पण मी खालीच बघत होतो. शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी तिलासुद्धा दचकलो.

खोलीत येऊन रजिस्टर उघडलं. सकाळी नऊला उणे बावीस पॉइंट एक. बाराला उणे बावीस पॉइंट सहा. म्हणजे तीनला उणे तेवीसच्या आसपास असणार, वादळ तर वाढतंय. उणे तेवीस पॉइंट एक, असं लिहिलं. तो पॉइंट एक लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आजही शरम वाटते. आकडा रेडिओवरून गेला. मी चहा घेतला, बिश्तबरोबर कॅरमचा एक डाव खेळलो आणि चक्क जिंकलो.

चार वाजून वीस मिनिटांनी जनरेटरची घंटा वाजायला लागली.

ती घंटा वाजली की अर्ध्या मिनिटात थांबायची, कारण नाना कुठंही असले तरी धावत जायचे. त्या दिवशी ती थांबेना. शेवटी बिश्त जाऊन बंद करून आला आणि म्हणाला, "नाना तिथं नाहीत." खोलीत नव्हते, स्वयंपाकघरात नव्हते, न्हाणीघरात नव्हते. पाच मिनिटांत सगळे दाराजवळ जमले. कुरियन सरांनी फळ्यावर बोट ठेवलं. उजवीकडे, वरच्या ओळीत, नऊ नंबरचा बिल्ला एकटाच लटकत होता.

"नाना बाहेर? कधीपासून?"

कुणालाच माहीत नव्हतं. सर माझ्याकडं वळले.

"करंदीकर, तीनला तू बाहेर होतास. कोण होतं बरोबर?"

"एकटाच गेलो होतो, सर. नाना मशीनवर होते म्हणून…"

"एकटा?" सरांचा आवाज चढला, पण त्यांनी तो आवरला. "त्याचं नंतर बघू. दोर कसा आहे?"

"ठीक आहे, सर."

"पेटीपर्यंत?"

"हो."

"जाता-येता नाना दिसला? हाक ऐकू आली?"

"नाही, सर."

इतकं सरळ खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. एक खोटं आधीच बोलून झालं होतं आणि बाकीची आपणहून त्याच्यामागं येत होती.

सरांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दोराच्या वाटेवर तो नाही. मशीनचं तेल कमी झालं असेल, तो टाक्यांकडे गेला असणार." तेलाच्या टाक्या ठाण्याच्या मागं होत्या, पेटीच्या अगदी उलट दिशेला. "चारजण तयार व्हा. टाक्यांकडे जायचं. या हवेत मी एकच तुकडी बाहेर काढू शकतो, एकाच दिशेला. त्यापेक्षा जास्त माणसं घालवणार नाही."

लोक पट्टे काढायला खुंट्यांकडे वळले. बिश्तनं आपला काढला. माझे डोळे सवयीनं सतरा नंबरच्या खुंटीवर गेले. खुंटी रिकामी होती.

आधी वाटलं, मीच कुठं ठेवला असेल. मग आठवलं की बारा वाजता आल्यावर मी तो तिथंच टांगला होता आणि तीन वाजता काढलाच नव्हता. बाहेर गेल्याचं नाटक केलं, पण पट्टा काढून लपवायचं सुचलं नव्हतं. तीन वाजता तो तिथंच होता. आता नव्हता. नऊ नंबरची खुंटीही रिकामी होती. एका माणसानं दोन पट्टे नेले होते.

नाना कामातून मोकळे होऊन आले असणार. बघतात तर माझा बिल्ला बाहेर आणि माझा पट्टा खुंटीवर. या वादळात पोरगं पट्ट्याशिवाय गेलं, असंच त्यांना वाटलं असणार. कुणाला हाक मारत बसायला वेळ कुठला? माझा पट्टा घेऊन ते तसेच धावले होते. मी वीस मिनिटांनी बिल्ला परत आत टांगला खरा, पण बाहेर असलेल्या माणसाला आतला फळा कुठून दिसणार? ते मला शोधत होते. दीड तास शोधत होते.

बिश्तनं दाराची कडी धरली होती.

"सर," मी म्हणालो, "टाक्यांकडे नको."

"काय?"

"नाना पेटीकडे गेलेत. मला शोधायला."

"तू तर त्याच वाटेनं आलास. तुला तो दिसला नाही."

"मी गेलोच नव्हतो."

बिश्तचा हात कडीवरून खाली आला. सर माझ्याकडं बघत राहिले, जणू मी त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोललो होतो.

"बिल्ला?"

"नुसता टांगला. कोठीत बसून राहिलो."

"आणि तीनचं तापमान?"

"मनानं लिहिलं."

बावीसतेवीस माणसं होती तिथं. त्यांच्याबरोबर मी सहा महिने जेवलो होतो, पत्ते खेळलो होतो, दिवाळीपर्यंत पुरवायच्या चिवड्याचे वाटे केले होते. त्यांच्यातल्या एकाकडेही मला बघवेना. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बूट घाल. तुझ्याइतका तो दोर कुणाला माहीत नाही. तूच पुढं चल."

मला दुसऱ्या कुणाचा तरी पट्टा दिला. चौघं निघालो, मी पुढं, मागं सर, बिश्त आणि डॉक्टर. दार उघडलं आणि वाऱ्यानं छातीवर दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं मागं रेटलं. मी हूक अडकवला. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त आता तिच्याहून मोठी दुसरी एक भीती होती. एकेक खांब येईल तसा हूक काढायचा, खांबापलीकडं लावायचा आणि मध्ये ओरडायचं, "नाना! नाना!" ओरडलेलं माझं मलाच ऐकू येत नव्हतं. एक गोष्ट मात्र जाणवली, पण तेव्हा तिच्याकडं लक्ष द्यायला सवड नव्हती. थंडी दुपारइतकी चावत नव्हती.

सोळाव्या खांबाला पेटी आली. पेटीच्या आडोशाला, बर्फात कमरेपर्यंत बुजलेले नाना बसले होते. पाठ पेटीच्या पायाला टेकलेली, स्वतःचा हूक त्याच पायाला अडकवलेला. गळ्यात माझा पट्टा होता. उजव्या हातातला वरचा मोजा नव्हता.

मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. पापण्यांवर बर्फ जमला होता. डोळे हलले. त्यांनी मला ओळखलं आणि मला वाटतं ते हसले.

"आलासा?" ते पुटपुटले. "कवाधरनं हुडकतोय तुमास्नी."

मग डाव्या हातानं गळ्यातला पट्टा ओढायला लागले. तो निघेना. मी काढून घेतला.

"इसरलासा," ते म्हणाले. "आसं बिनपट्ट्याचं येत्यात व्हय?"

मी त्यांना धरून रडलो. रडलेलं तिथं कुणाला कळण्यासारखं नव्हतं. अश्रू चष्म्याच्या आत गोठत होते आणि मला काही दिसेनासं झालं, तेव्हा सरांनी मला बाजूला सारलं आणि नानांना उचललं.

आत आणल्यावर डॉक्टरांनी त्यांना कोमट पाण्यात हात घालून बसवलं. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, टोकाला मेणासारखी पांढरी झाली होती. तासाभरानं नाना नीट बोलायला लागले. मी दाराशी उभा होतो. आत यायचं धाडस होत नव्हतं.

"सायबास्नी बोलवा," ते म्हणाले. मी पुढं झालो. "उणं नऊ पॉइंट दोन. लिवून घ्या, न्हायतर इसरंल."

"काय?"

"तुमचं तापमान ओ. पेटीची कडी बर्फानं चिकाटली व्हती. म्हनलं, बर्फ काडून बगू. उघडलेली असली तर तुमी हितवर आलाता, न्हायतर वाटंतच कुटंतरी पडलासा. मोज्यानं निगंना, म्हनून मोजा काडला. त्यो गेला उडून. कडी काय उघडलेली न्हवती. मंग म्हनलं, आता बर्फ निगालाच हाय तर उघडून बगून तरी ठेवावं, तुमचं अकरा वर्साचं खंडायला नको. उणं नऊ पॉइंट दोन. ब्याटरी लावून दोनदा बगितलं."

"मग परत का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

नानांना प्रश्नच कळला नाही. "ह्यांस्नी सोडून?" ते म्हणाले.

मी तिथून पळालो. खरंच पळालो, खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कुरियन सर आले. त्यांच्या हातात रजिस्टर होतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, गिरवून काळा करायचा नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी ज्यानं तो पाहिला त्याची आद्याक्षरं. सरांनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि पेन उघडून दिलं.

मी उणे तेवीस पॉइंट एकवर रेघ मारली. वर उणे नऊ पॉइंट दोन लिहिलं. शेजारी लिहिलं, 'ज्ञा. खि.' मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पहिला आकडा निरीक्षकाने उपकरण न पाहता लिहिला होता. उ. करंदीकर.'

सरांनी बाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. "जवळजवळ साडेतेरा अंश," ते म्हणाले. "तीन तासांत. समुद्रावरची गरम हवा वादळाबरोबर इतक्या आत येते, असं मी सात वर्षं सांगतोय. ऐन हिवाळ्यातला आकडा मात्र हाती येत नव्हता." पेनाचं टोपण लावता लावता ते थांबले. "तुझा उणे तेवीस मी खरा धरला असता. शंकासुद्धा घेतली नसती. बाकीचे किती आकडे असे आहेत?"

"एकही नाही, सर. शपथेवर सांगतो."

"शपथ नको," ते म्हणाले. "नानाला सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगणार नाही. इथला कुणीच सांगणार नाही. तू सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. नानांच्या हाताला मोठं बँडेज होतं, डाव्या हातानं ते शिरा खात होते. मी पलंगाशेजारी उभा राहून सगळं सांगितलं. कोठी, पोती, वीस मिनिटं, कॅरमसुद्धा. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"म्हंजी तुमी आत व्हता," ते म्हणाले.

"हो."

"आन् म्या बाहेर."

"नाना, मला माफ…"

"जावा आता," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठवड्याभरात डॉक्टरांना त्यांच्या त्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. मेकॅनिकची उजव्या हाताची बोटं! पहिले काही दिवस त्यांच्या हातून पाना सटकायचा आणि तो खणखणाट माझ्या खोलीपर्यंत यायचा. पंगतीला समोरासमोर बसलो तरी ते बिश्तला म्हणायचे, "त्या हवामानवाल्यास्नी सांग, मीठ सरकवा." मी मीठ सरकवायचो. बाकीचेही माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. निरीक्षणाला मी आता एकटाच जायचो. हवा शांत होती म्हणून जमत होतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका संशोधक मुलीचा फोन आला. जुनी रजिस्टरं ती संगणकात भरत होती. "सर, एका नोंदीपुढं ज्ञा. खि. असं आहे. निरीक्षकांच्या यादीत हे नावच नाही. माणूस प्रशिक्षित नसेल तर तो आकडा वगळावा लागेल. तुम्हाला काही आठवतंय?" त्या वेळी मी तिला एवढंच सांगितलं, की त्या पानावर रेघ मारलेला आकडा प्रशिक्षित माणसाचा आहे आणि वरचा मेकॅनिकचा, वरचा ठेवा. बाकीचं तिला सांगितलं नाही, ते इथं लिहितोय. नानांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

त्याच हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा वादळ आलं, पहिल्यापेक्षा थोडं कमी. वादळात माझ्याबरोबर जायला आता बिश्तचं नाव होतं. दुपारी पावणेतीनला मी फळ्यापाशी येऊन थांबलो. भीती त्याच दिवसासारखी होती. या वेळी मी ठरवलं होतं की बिश्त आला की त्याला सांगायचं, मला जमणार नाही, रकाना कोरा सोडू.

बिश्त आला नाही. नाना आले. अंगावर सगळा जामानिमा चढवलेला, उजव्या हातावर त्यांनी स्वतःच शिवलेला तीन बोटांचा मोजा.

"बिश्तला मशीनवर बसवलंय," ते फळ्याकडं बघत म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं, अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा. "त्या दिवशी भ्यालावता व्हय?"

"हो."

"लई?"

"खूप."

"मंग मला सांगायचं न्हाय?" त्यांचा आवाज एकदम चढला, डोळे लाल झाले. "हाक तरी मारायची! भ्या वाटतंय म्हनायचं! म्या काय खाल्लं आसतं तुमास्नी? आलो आसतो की संगट!"

नानांनी सतरा नंबरच्या खुंटीवरून माझा पट्टा काढला. त्या अर्धवट बोटांनी माझ्या कमरेला बांधला, बक्कल लावायला त्यांना वेळ लागला, आणि मी मदत करायला गेलो तर हात झटकून टाकला. बांधून झाल्यावर दोनदा जोरात ओढून बघितला.

"आता वाटतंय का भ्या?"

"वाटतंय, नाना."

"मला बी," ते म्हणाले. "चला."

त्यांनी नऊ नंबरचा बिल्ला उजवीकडे टांगला आणि त्याच्याशेजारचा खिळा माझ्यासाठी मोकळा ठेवला. मी सतरा नंबरचा टांगला. पेटीपाशी आधी मी तापमान वाचलं, मग नानांनी वाचलं. उणे सोळा पॉइंट चार. दोघांचं सारखंच आलं.